चाचांच्या चपला

अमरावतीच्या टांगेवाल्यांना आपल्या नालबंदाची खबर त्याच्या पायांवरून लागत असे. पायांत चपला असल्या तर गावातले घोडे ठीक. नालबंद अनवाणी दिसला, तर त्यानं नाल ठोकलेला कुठला तरी घोडा लंगडतो आहे. मग टांगा स्टँडवर एकच प्रश्न फिरायचा, "कोणाचा घोडा?" उत्तर मिळेपर्यंत प्रत्येक जण उतरून आपापल्या जनावराचे पाय चाचपून बघायचा.

सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. उंच, कमरेत थोडे वाकलेले, पुढे चामड्याचा पट्टा बांधलेला, दाढीत भट्टीची राख. आमच्या जनावरांच्या दवाखान्याच्या आवारातल्या कडुनिंबाखाली त्यांची ऐरण होती. ते सरकारी नोकर नव्हते. माझ्या आधीच्या डॉक्टरांनी त्यांना तिथं बसू दिलं होतं, त्यांच्या आधीच्यांनीही. ऐरण आधी आली आणि दवाखाना नंतर बांधला, असं खुद्द चाचांचं म्हणणं.

घोड्याचा पाय बरा होईपर्यंत चपला घालायच्या नाहीत, हा त्यांचा नेम. वैशाखात अमरावतीची माती तव्यासारखी तापते, तेव्हाही. मी त्याचं कारण अनेकदा विचारलं. दर वेळी वेगळं उत्तर मिळालं. मला याद्या करायची सवय आहे, तेव्हा रजिस्टरच्या शेवटच्या पानावर मी ती उत्तरं लिहून ठेवू लागलो. "मन्नत हाये." "उस्तादानं लावलेली शिक्षा हाये." "चपला शिवाले टाकल्या." (त्या वेळी चपला मला निंबाच्या बुंध्याशी स्वच्छ दिसत होत्या.) "पायाले हवा पायजे डाक्टर, तुमचे पाय पाहा, बुटात राहून कसे मुळ्यासारखे पांढरे पडले." खाली मी 'खरं कारण' असं लिहून जागा कोरी सोडली होती.

मी मूळचा अंजनगाव सुर्जीचा. घरी पानमळा. घोडा आमच्या दारात कधी बांधला गेला नाही. मुंबईला शिकून आलो तेव्हा घोड्याविषयी जे काही मला ठाऊक होतं ते वहीत होतं. त्या वहीतून मी एक यादी तयार केली, 'लंगड्या घोड्याची तपासणी', अकरा कलमं, आणि पुठ्ठ्यावर चिकटवून खिडकीशी टांगली. चाचांना वाचता येत नसे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "ते काय लटकवलं जी?"

मी वाचून दाखवलं. त्यांनी हातोडी खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगली हाये. पण पहिलं कलमच नाई त्याच्यात."

"कोणतं?"

"मालकाचं तोंड बंद करा."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"हसून काहून राहिले? मालक आला का पहिले सांगते, घोडा इथी घसरला, तिथी पडला. मंग डाक्टर दिवसभर तेच धुंडते. घोड्याचं कोणी ऐकतच नाई."

घोड्याचं ऐकणं म्हणजे काय, ते मी पुढं बघितलं. लंगडा घोडा आला की चाचा त्याच्या पायाला हातच लावायचे नाहीत. आधी त्याला दवाखान्याच्या फरशीवरून चालवायला सांगायचे आणि स्वतः पाठ करून डोळे मिटून उभे राहायचे. टापांचा आवाज ऐकायचा. दुखरी टाप हलकी पडते, तिचा आवाज लवकर संपतो. मग तोच घोडा मातीवरून. फरशीवर जास्त लंगडला आणि मातीवर कमी, तर दुखणं बहुधा खुरात. त्यानंतर डोळे उघडून ते घोड्याच्या पायांकडे नव्हे, मानेकडे बघत. पुढचा दुखरा पाय टेकला की घोडा मान वर उचलतो, चांगला टेकला की खाली करतो. "मुंडी सांगते," ते म्हणत. "पाय तर लपवते."

एवढं झाल्यावर हात. आई पोराचा ताप बघते तसा पालथा हात एकेका खुरावर ठेवायचा, कोणतं गरम ते बघायला. मग खुराच्या वर, घोट्याच्या मागं, दोन बोटांनी नाडी. ही नाडी माझ्या यादीत सातवी होती. चाचांनी ती मला वर घ्यायला लावली.

सगळ्यात शेवटी पाय उचलून ते वास घ्यायचे. खुराच्या तळाशी मधोमध मऊ, त्रिकोणी भाग असतो, नालबंद त्याला पुतळी म्हणतात. ओल्यात उभ्या राहणाऱ्या घोड्याची पुतळी सडते, काळी पडते आणि तिला एक वास येतो. तो मी एकदा घेतला आणि दुपारचं जेवण सोडलं. चाचा मात्र अत्तर हुंगावं तसे हुंगत आणि मालकाकडे बघून विचारत, "याच्या खाली कडबा टाकता का मुताचं तळं करून ठेवलं?" मालकाची मान खाली. मग खरडणं, मिठाच्या पाण्यानं धुणं, कोरडं करणं, मोरचुदाचं पाणी, वरून डांबरात भिजवलेला ताग. अर्धा इलाज पायावर आणि अर्धा तबेल्यात झाडू मारून होतो, असं ते सांगत. झाडू मारला की नाही ते बघायला स्वतः जातही.

त्यांनी उतरवलेल्या जुन्या नाला निंबाच्या फांद्यांना तारेनं टांगलेल्या असत. वारा आला की झाड वाजे. भेटायला आलेल्यांना वाटे की लोखंड जमवण्याचा शौक आहे. पण एखादा घोडा आला की चाचा बरोबर त्याचीच नाल खाली काढत आणि मला दाखवत. "पाहा, टोकाकडं झिजली. टाच टेकवाले भेते. मागच्या सालीच दुखून राहिलं होतं याचं, मालकाले आज समजलं."

एक प्रसंग नांदगाव पेठचा. तिथल्या एका देशमुखांचा घोडा दावं तोडून खळ्यात शिरला आणि पोटभर नवी ज्वारी खाऊन आला. दुसऱ्या दिवशी तो पुढचे पाय लांब पुढं रोवून, सगळा भार टाचांवर घेऊन खांबासारखा उभा. घरातल्यांनी पाठ धरली म्हणून तेल चोळायला घेतलं होतं. मी आणि चाचा पोचलो. चाचांनी खुरावर पालथा हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"पाठ नाई. पाय पेटले त्याचे."

दाणा बंद, नुसतं वाळलं गवत, आणि पाय थंडाव्यात. घोड्याला पावला-पावलानं नाल्यापर्यंत नेलं आणि गाळात उभं केलं. दोरी धरून चाचा त्याच्याशेजारी गाळात उभे राहिले. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत, असे तीन दिवस. घोड्याशी सतत बोलत. एकदा मी काठावरून ऐकलं, ते त्याला आपल्या भाच्याच्या लग्नात काय काय बिघडलं ते सांगत होते. दुसऱ्या दिवशी देशमुख कंटाळून आले.

"चाचा, अजून किती वेळ?"

"त्याले विचारा. मी तर त्याच्या संगं आलो."

घोडा वाचला. परतताना मी म्हटलं, "तीन दिवस अनवाणी राहिलात की."

"हे त्यात धरू नका. जवारी म्या नाई चारली."

म्हणजे नेम कडक होता. स्वतःच्या हातच्या कामाचाच.

चाचांचं एक वाक्य मला तेव्हा फार झोंबलं होतं. पुढच्या पायानं घोडा लंगडू लागला आणि कारण सापडलं नाही की आम्ही डॉक्टर 'खांदा' लिहितो. चाचा म्हणाले होते, "खांदा हे घोड्याच्या दुखण्याचं नाव नाई, डाक्टरच्या कंटाळ्याचं नाव हाये." मी त्यांना सांगितलं की खांदाही दुखतो, पुस्तकात आहे. "दुखत असन," ते म्हणाले, "म्या पुस्तक नाई पाह्यलं."

त्यानंतर थोड्याच दिवसांत किसनची चिमणी आली.

किसन बडनेरा रस्त्यावर टांगा चालवायचा. पन्नाशीचा, बोलका, टांग्यात बसलेल्या माणसाला स्टेशन येईपर्यंत आपलं सगळं घर सांगणारा. चिमणी त्याची घोडी. लहान चणीची, तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. तिचा जन्म त्याच्याच गोठ्यातला. ती डाव्या पुढच्या पायानं लंगडत आली तो सोमवार होता, आणि पुढच्या सोमवारी टांग्यांची वार्षिक तपासणी होती. तपासणीत लंगडा घोडा दिसला की परवान्याचा बिल्ला काढून घेत, आणि डॉक्टरनं 'कायमचा अपात्र' लिहिलं की तो घोडा पुन्हा टांग्याला जुंपता येत नसे. अशा घोड्यांना गावात एकच गिऱ्हाईक होतं, वीटभट्टीवाले. तिथं गेलेली जनावरं किती टिकतात ते प्रत्येक टांगेवाल्याला ठाऊक होतं. दाखला मला लिहायचा होता.

"साहेब, रेल्वेच्या फाटकापाशी घसरली जी. असा पाय गेला बाजूले," किसन म्हणाला आणि स्वतः पाय ताणून दाखवू लागला.

मी खुरावर हात ठेवला. पुढची दोन्ही सारखीच गरम वाटली. तिला मी उन्हातून सावलीत आणून बांधल्यावर लगेच, घाईत बघितलं, हे आज लिहितो. तळ स्वच्छ, नाल पक्की. खांदा दाबला तर तिनं कातडं थरथरवलं. माशीनंही थरथरवलं असतं. मी रजिस्टरात 'खांदा, घसरून' असं लिहिलं, खांद्यावर फोड आणणारा लेप लावला आणि तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं.

मंगळवारी सकाळी चाचा अनवाणी आले.

"चाचा, तिचा खांदा आहे. तुमच्या नालेचा संबंध नाही. चपला घाला."

"पाहू."

"पाहू काय? मी तपासलंय."

"तुमी तपासलं ना. मंग झालं." आणि ते भट्टी पेटवायला गेले.

मला राग आला. सगळ्या गावाला त्यांच्या पायांवरून दिसत होतं की ते माझं निदान मानत नाहीत. बुधवारी टांगा स्टँडवरून जाताना एकानं मला विचारलंच, "डाक्टरसाहेब, चाचा म्हणतेत खूर, तुमी म्हणता खांदा, अन् घोडी काय म्हणून राहिली?" सगळे हसले. मी दवाखान्यात येऊन कंपाउंडरला बजावलं की माझ्या परवानगीशिवाय चिमणीची नाल कोणी काढायची नाही.

किसन रोज सकाळी हिरवा घास घेऊन येई. गुरुवारी त्याचं बोलणं थांबलं होतं. चिमणी आता डावा पाय टेकवतच नव्हती. टोकावर ठेवून उभी, घास तोंडात तसाच.

"साहेब, एक डाव चाचाले पाहू द्या ना."

"किसन, खांद्याला वेळ लागतो."

"सोमवारपावतर बरी होईन का?"

दाखल्याचा कागद मी त्याच सकाळी काढून ठेवला होता.

दाखल्यात घोडीचा मागचा इतिहास लिहावा लागतो, म्हणून मी रजिस्टरची पानं उलटली. दोन आठवड्यांपूर्वीची नोंद माझ्याच अक्षरात होती. 'किसन टांगेवाला, तांबडी घोडी. डावा पुढचा. पुतळी सडलेली. नाल काढून साफ केली, मोरचूद लावलं. नाल परत बसवली, स्वतः.' 'स्वतः' या शब्दाखाली रेघ होती. चाचा त्या दिवशी भाच्याच्या मुलाच्या बारशाला अकोल्याला गेले होते. नाल ठोकायची संधी मला मिळाली होती, आणि मी खूश होतो. कॉलेजात मी सहा नाला ठोकल्या होत्या.

ते पान मी दोनदा वाचलं. मग निंबाखाली गेलो.

"चाचा, चिमणीची नाल काढा."

ते लगेच उठले, जणू मी पाणी मागितलं होतं. चिमणी सकाळपासून सावलीतच उभी होती; त्यांनी तिच्या पुढच्या दोन्ही खुरांवर पालथा हात ठेवला, मग माझा हात धरून डाव्यावर ठेवला. गरम होतं. इतकं की सोमवारी मी काय बघितलं हे मला समजेना. त्यांनी लहान हातोडीनं एकेका खिळ्याच्या डोक्यावर टिचकी मारली. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्याला चिमणीनं पाय हिसकून घेतला.

"हं. बोलली," चाचा म्हणाले.

मग एकेक खिळा सरळ ओढून ते हातात धरून बघत. कोरडा. कोरडा. कोरडा. चौथा बाहेर आला तो काळा आणि ओला, आणि त्याच्या मागून भोकातून करडा पू आला. वास पुतळीच्या वासापेक्षा वाईट होता. खिळा टोकाशी वाकलेला. चाचांनी बारीक चिमट्यानं भोकातून लोखंडाचा एक कण काढून माझ्या तळहातावर ठेवला. जुन्या खिळ्याचा तुटका तुकडा. मी नाल काढताना तो आत राहिला आणि माझा नवा खिळा त्याला आपटून आतल्या जिवंत मांसाकडे वळला. सुरुवातीला तो नुसता दाबत राहिला, मग पिकला.

किसन तिथंच उभा होता. मी त्याला सांगितलं, "हा खिळा माझा आहे. चाचांचा नाही."

त्यानं खिळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बरी होईन का जी?" एवढंच विचारलं.

"होईल," मी म्हणालो, आणि सोमवारपासून पहिल्यांदाच मला ते खरं वाटलं.

चाचांनी भोक खालून थोडं मोठं केलं, पू वाहून जाईल एवढंच, जास्त नाही. मिठाच्या गरम पाण्याच्या घमेल्यात पाय. मग जवस आणि कोंड्याचं गरम पोटीस, वरून गोणपाटाची पिशवी बांधून. दिवसातून दोनदा बदलायचं. ते मी केलं, चाचांनी मला करू दिलं.

पिशवी बांधून झाल्यावर मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"खिळ्याचं टोक भाईर कुठी निघते ते पाह्यलं ना म्या मंगळवारीच. माझे सारे एका ओळीत निघतेत. हा एकटाच वर."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तर तुमी आयकलं असतं?"

नसतं. "पण खिळा तुमचा नव्हता. मग तुम्ही अनवाणी का?"

चाचांनी माझ्या पायांकडे बघितलं.

"तुमचे बूट लेसचे. काढाले वेळ लागते. मनलं, तोपर्यंत मी चालतो."

मी तिथंच निंबाच्या मुळावर बसून लेस सोडल्या.

गुरुवारी संध्याकाळी दवाखान्यापासून घरापर्यंत अनवाणी गेलो. मुरूम टाकलेला रस्ता, मधे बाभळीची चार झाडं. शुक्रवारी येताना टाचेत खडा लागला. शनिवारी मी पंजावर चालत होतो आणि आपण मान उचलून उचलून चालतो आहोत हे माझ्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं. रविवारी सकाळी दवाखान्यात पोचलो तो कमरेवर हात ठेवूनच.

चाचा भाता ओढत होते. "काय झालं?"

"कंबर. उजवीकडून धरलीय."

"अन् पाय?"

"पाय एवढा नाही. कंबरच."

चाचांनी भाता सोडला. ते इतके हसले की कंपाउंडर बाहेर आला.

"मंग लावा," ते डोळे पुसत म्हणाले, "कमरीले लेप लावा!"

मी आत गेलो आणि रजिस्टरच्या शेवटच्या पानावर 'खरं कारण' पुढं लिहिलं: कंबर. दुखतो पाय, धरते कंबर. चाचांना वाचून दाखवलं. "हेच ना?"

"हेही लिहून ठेवा," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी तपासणीआधी चिमणीला फरशीवर आणलं. जखम कोरडी झाली होती. भोकात डांबराचा ताग, नाल चाचांनी पुन्हा बसवलेली, त्या एका जागी खिळा न मारता, खाली चामड्याचा तुकडा घालून. किसननं लगाम धरला होता आणि तो बोलायच्या बेतात होता. "तू गप राह्य," चाचा म्हणाले. ते पाठ करून, डोळे मिटून उभे राहिले. मीही त्यांच्याशेजारी पाठ केली आणि डोळे मिटले. चार टापा. पुन्हा चार. मी डाव्या पुढच्या टापेसाठी कान लावून होतो आणि ती कोणती तेच मला ओळखता आलं नाही.

चाचांनी पायानं चाचपून चपला शोधल्या. चिमणीला बिल्ला मिळाला. किसननं मला घरापर्यंत टांग्यातून सोडलं आणि वाटेत मला फाटकापाशी ती कशी घसरली होती ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

पुढं माझी अकोल्याला बदली झाली. तिथला नालबंद तरुण होता, हुशार होता, बूट घालायचा. माझी यादी मी तिथंही टांगली, तेरा कलमांची. एकदा माझ्या हातून एका घोड्याचं पोटीस बांधायचं राहिलं आणि पाय पुन्हा पुवानं भरला. दुसऱ्या दिवशी बाजारातून दवाखान्याकडे जाताना एका टांगेवाल्यानं टांगा हळू केला. मला बघितलं, मग खाली माझ्या पायांकडे. तो अमरावतीहून आलेला असणार.

"डाक्टरसाहेब," त्यानं विचारलं, "कोणाचा घोडा?"

मी त्याला नाव सांगितलं.